पाण्यात औषध, पण विचारलं कोणाला? अमेरिकेत फ्लोराइड टाकणं बंद, झरी-पांढरकवड्यात ते काढायची मारामार

पांढरकवडा : अमेरिकेतील युटा आणि फ्लोरिडा या दोन राज्यांनी २०२५ मध्ये नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळण्यावर कायद्याने बंदी आणली. युटात ही बंदी ७ मे पासून लागू झाली, फ्लोरिडात १ जुलैपासून. दात किडू नयेत म्हणून ऐंशी वर्षे तिथल्या गावोगावच्या पाण्यात हे टाकले जात होते. आता निम्मे लोक म्हणतात बरे झाले, निम्मे म्हणतात लेकरांचे दात गेले.

या बातमीचा आणि आपल्या तालुक्यांचा संबंध काय, असे कोणी विचारेल. संबंध आहे. अशी बातमी मोबाइलवरून गावात पोचते तेव्हा तिचे तुकडे झालेले असतात. ‘अमेरिकेने पाण्यातले विष बंद केले’ एवढाच तुकडा हाती लागतो आणि सोमवारी सकाळी टाकीवर टीसीएल टाकायला चढलेल्या जलसुरक्षकाला खालून कोणीतरी हटकते, ‘काय टाकून रायला बे पाण्यात?’ त्यामुळे आधी एक गोष्ट साफ केलेली बरी. भारतात कुठल्याही सरकारी नळयोजनेच्या पाण्यात दातांसाठी फ्लोराइड मिसळले जात नाही. आपल्याकडचा प्रश्न बरोबर उलटा आहे. इथे ते जमिनीतूनच येते, नको तितके येते, आणि ते काढता काढता ग्रामपंचायतीच्या नाकी नऊ येतात.

डाग पडलेल्या दातांपासून सुरुवात

फ्लोराइडची गोष्ट प्रयोगशाळेत सुरू झाली नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी १९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य दवाखाना थाटायला गेला. तिथे जन्मलेल्या बहुतेक लोकांच्या दातांवर त्याला तपकिरी डाग दिसले. घासून न जाणारे. बाहेरून आलेल्या मोठ्या माणसांना मात्र ते नव्हते. झरी जामणी, पांढरकवडा, मारेगाव, वणी या पट्ट्यातल्या काही गावांच्या शाळेत जाऊन मुलांना हसायला सांगितले तर मॅकेने काय पाहिले हे कोणालाही कळेल. आपल्याकडे त्याला ‘पाण्याचे दात’ समजतात, कोणी तंबाखूचा संशय घेतात, आणि पोरीच्या सोयरिकीच्या वेळी तो विषय निघतोच.

मॅकेने तीस वर्षे या डागांचा माग काढला. कारण पाण्यात आहे एवढे त्याला कळले, पण पाण्यात नेमके काय हे सापडेना. ते १९३१ साली सापडले, तेही एका ॲल्युमिनियम कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञाला. चर्चिल त्याचे नाव. कंपनीच्या बॉक्साइट नावाच्या गावातल्या मुलांचे दातही असेच होते, आणि आपल्या भांड्यांवर ठपका येईल या धास्तीने कंपनीने पाणी तपासायला घेतले. त्यात फ्लोराइड निघाले.

मॅकेला आणखी एक गोष्ट दिसली होती. हे डागाळलेले दात किडत मात्र कमी. त्यावरून सरकारी दंतवैद्य ट्रेंडली डीन याने अनेक शहरांतली मुले आणि तिथले पाणी तपासले आणि हिशेब मांडला की लिटरला साधारण १ मिलिग्रॅम फ्लोराइड असेल तर कीड कमी होते आणि डागही फारसे पडत नाहीत. मग २५ जानेवारी १९४५ रोजी मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात मुद्दाम फ्लोराइड मिसळायला सुरुवात झाली. जगातले हे पहिले शहर. तिथे नंतर जन्मलेल्या मुलांच्या दातांची कीड ६० टक्क्यांहून जास्त घटली, असा निकाल पंधरा वर्षांनी आला. तुलनेसाठी शेजारचे मस्केगन शहर बिनफ्लोराइडचे ठेवले होते, पण तिथल्या लोकांनी आम्हालाही पाहिजे म्हणून हट्ट धरला आणि १९५१ मध्ये तिथेही ते सुरू झाले. आज ऐकायला नवल वाटेल, पण तेव्हा लोक मागून घेत होते.

क्लोरीन पाण्याला, फ्लोराइड माणसाला

या सगळ्या वादाची गाठ एका फरकात आहे आणि गावात तोच फरक सगळ्यात जास्त घोटाळ्यात पडतो.

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. त्यातला क्लोरीन पाण्यातले जंतू मारतो. तो पाण्यावरचा इलाज आहे, पिणाऱ्यावरचा नाही. नळाला पोचेपर्यंत लिटरला ०.२ मिलिग्रॅम एवढा क्लोरीन शिल्लक राहिला पाहिजे, म्हणजे पाइपात वाटेत काही घाण शिरली तरी ती मरते. पावसाळ्यात फुटलेल्या व्हॉल्व्हमधून नालीचे पाणी लाइनमध्ये ओढले जाते हे कोणत्या गावाला सांगायला नको. पाण्याला वास येतो म्हणून बायका ओरडतात, म्हणून जलसुरक्षक दोन दिवस टीसीएल टाकत नाही, आणि तिसऱ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात सलाइनच्या बाटल्या कमी पडतात.

फ्लोराइडचे तसे नाही. ते पाणी स्वच्छ करत नाही. ते पाण्यावर स्वार होऊन माणसाच्या तोंडात जाते आणि त्याच्या दातांवर काम करते. म्हणजे ते औषधच झाले. डॉक्टर औषध देतो तेव्हा वय विचारतो, वजन विचारतो, आणखी काय आजार आहे ते विचारतो, दिवसातून किती वेळा घ्यायचे ते सांगतो. नळ यातले काहीच विचारत नाही.

गंमत म्हणजे क्लोरीन पहिल्यांदा टाकला तेव्हा त्यावरही असाच गदारोळ झाला होता. १९०८ साली न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीच्या पाण्यात डॉ. जॉन लील यांनी कोणाची परवानगी न घेता क्लोरीन मिसळायला सुरुवात केली. प्रकरण कोर्टात गेले, लील यांनी उलटतपासणीत सांगितले की जगातले हे सगळ्यात सुरक्षित पाणी आहे, आणि कोर्टाला ते पटले. त्यानंतर टायफॉइडने मरणारी माणसे शहरोशहरी कमी झाली. तेव्हा परवानगी न घेता केलेली प्रत्येक गोष्ट वाईटच असे म्हणता येत नाही. पण लील जे करत होते ते पाणी पाण्यासारखे ठेवण्यासाठी होते, हा मुद्दा उरतोच.

दात नसलेल्या आजीचा खटला

परदेशातल्या कोर्टांनी या प्रश्नावर बरीच डोकेफोड केली आहे. त्यातला ग्लासगोचा खटला सांगण्यासारखा आहे. स्ट्रॅथक्लाइड विभागाच्या पाणीपुरवठ्यात फ्लोराइड मिसळायचे ठरले तेव्हा कॅथरिन मॅकॉल या आजीबाई कोर्टात गेल्या. त्यांच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता, कवळी होती. मला याचा फायदा काय आणि मी हे का प्यायचे, हा त्यांचा सवाल. खटला दोनशेहून अधिक दिवस चालला. १९८३ मध्ये न्यायाधीश जॉन्सी यांनी निकाल दिला. फ्लोराइड धोकादायक आहे हे सिद्ध झाले नाही, उलट त्याने दात वाचतात हे त्यांनी मान्य केले. पण पाणीपुरवठा करणाऱ्या संस्थेला ‘पिण्यायोग्य पाणी’ देण्याचा अधिकार आहे, दात सुधारण्याचा नाही, म्हणून आजी जिंकल्या. सरकारने १९८५ मध्ये नवा कायदा करून तो अधिकार देऊन टाकला. तरीही स्कॉटलंडच्या सार्वजनिक पाण्यात आजतागायत फ्लोराइड मिसळले जात नाही.

नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये असाच निकाल दिला, कायद्यात तरतूद नाही म्हणून, आणि तिथे हा प्रकार संपला. आयर्लंडमध्ये ग्लॅडिस रायन या गृहिणी १९६५ मध्ये हरल्या, पण हरता हरता त्यांनी देशाला एक हक्क मिळवून दिला. घटनेत लिहिलेला नसला तरी नागरिकाला स्वतःच्या शरीरावर हक्क आहे हे तिथल्या कोर्टाने त्या खटल्यात मान्य केले, फक्त फ्लोराइडने तो मोडत नाही असे म्हटले. न्यूझीलंडचे कोर्ट २०१८ मध्ये सगळ्यात सरळ बोलले. हे सक्तीचे औषधच आहे, पण लोकांच्या भल्यासाठी एवढी सक्ती चालण्यासारखी आहे, असा बहुमताचा निकाल लागला. निदान औषधाला औषध तरी म्हटले.

आता नवीन काय निघाले

ऐंशी वर्षे चाललेली गोष्ट आताच का मोडली, यामागे राजकारण आहे तसे विज्ञानही आहे. अमेरिकेचे आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी ज्युनिअर हे फ्लोराइडचे जुने विरोधक. फ्लोरिडाच्या गव्हर्नरांनी तर याला सक्तीचे औषध म्हटले. युटाच्या गव्हर्नरांचे म्हणणे वेगळे होते. राज्यातल्या जवळपास निम्म्या लोकांना हे पाणी मिळत होते, निम्म्यांना नाही, आणि दोन्हीकडच्या दातांत डोळ्यात भरेल असा फरक दिसत नाही.

हा मुद्दा अगदीच हवेतला नाही. जगभरातले अभ्यास तपासणाऱ्या कॉक्रन संस्थेने २०२४ मध्ये सांगितले की १९७५ पूर्वीच्या अभ्यासांत पाण्यातल्या फ्लोराइडचा फायदा मोठा दिसत होता, पण नंतरच्या अभ्यासांत तो मुलामागे पाव दाताएवढाच उरतो. कारण साधे आहे. तेव्हा टूथपेस्टमध्ये फ्लोराइड नव्हते, आता जवळजवळ सगळ्या पेस्टमध्ये असते.

पण उलटी बाजूही आहे. कॅनडातल्या कॅल्गरी शहराने २०११ मध्ये फ्लोराइड बंद केले. शेजारच्या एडमंटनने चालू ठेवले. काही वर्षांनी दुसरीतल्या मुलांचे दात तपासले तर कॅल्गरीत जवळपास ६५ टक्के मुलांच्या दुधाच्या दातांना कीड होती, एडमंटनमध्ये ५५ टक्के. २०२१ मध्ये कॅल्गरीत मतदान झाले, ६२ टक्के लोकांनी परत सुरू करा म्हटले आणि २०२५ च्या जूनअखेर ते पुन्हा सुरूही झाले. म्हणजे एकीकडे दोन राज्यांनी नळातून काढले, त्याच उन्हाळ्यात एका शहराने परत घातले. कॅल्गरीत निदान लोकांना विचारले गेले.

सगळ्यात मोठा गाजावाजा झाला तो बुद्ध्यांकाचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने ऑगस्ट २०२४ मध्ये अहवाल दिला. लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलेले पाणी आणि मुलांचा कमी बुद्ध्यांक यांचा संबंध दिसतो, असे त्यांनी मध्यम खात्रीने म्हटले. अमेरिकेच्या नळात मिसळले जाते ते ०.७. त्या प्रमाणाबद्दल सांगण्याइतका पुरावा नाही असेही त्यात होते. त्यानंतर महिनाभरात न्यायाधीश एडवर्ड चेन यांनी तिथल्या पर्यावरण संस्थेला या धोक्यावर काहीतरी पाऊल उचला असा आदेश दिला. नुकसान होतेच हे सिद्ध झाले असे आपण म्हणत नाही, हेही त्यांनी निकालात लिहिले. बातम्यांत ते वाक्य फारसे आले नाही.

आणि इथेच ही गोष्ट अमेरिकेतून उठून आपल्या अंगणात येते. तो अहवाल ज्या अभ्यासांवर उभा आहे ते अमेरिकेतले नाहीत. चीन, भारत, इराण, पाकिस्तान, मेक्सिको, कॅनडा इथले आहेत. त्यातले बरेच अभ्यास, ज्या गावांत जमिनीतूनच जास्त फ्लोराइड येते अशा गावांतल्या मुलांवरचे. म्हणजे अमेरिकेतला शहरी माणूस ०.७ वर भांडतो आहे ते आपल्यासारख्या गावांतल्या पोरांच्या आकड्यांवर. भारतीय मानकानुसार पाण्यात फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावे. त्या अहवालाने जिथे धोक्याची रेघ मारली, तिथे आपल्या ‘चालेल’ची रेघ संपते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत त्या रेघेच्या वरचे स्रोत सरकारी तपासण्यांत वर्षानुवर्षे सापडत आले आहेत. त्या पोरांसाठी मात्र कोणी कोर्टात गेलेले नाही.

लिटरचा हिशेब कोण करणार

औषधाची मात्रा पाण्यातल्या प्रमाणावर ठरत नाही, माणूस किती पाणी पितो त्यावर ठरते. अमेरिकेत ०.७ चे पाणी दोन लिटर पिणाऱ्याच्या पोटात १.४ मिलिग्रॅम जाते. आपल्याकडे मे महिन्यात पऱ्हाट्या उपटणारी, नाहीतर रोजगार हमीच्या कामावरची बाई सहा लिटर सहज पिते. तिच्या विहिरीत १.५ असेल, म्हणजे सरकारी भाषेत पाणी पिण्यायोग्य, तरी तिच्या अंगात दिवसाला ९ मिलिग्रॅम जाते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला एकूण ६ च्या वर गेले की हाडांना धोका वाढत असल्याची चिन्हे दिसतात आणि १४ ला तो स्पष्ट होतो. त्यात दोन-चार कप कोरा चहा आला, कारण चहाच्या पत्तीतही फ्लोराइड असते. मग ‘मर्यादेत आहे’ या शेऱ्याला काय अर्थ राहिला?

उष्ण प्रदेशात कमी फ्लोराइड पाहिजे हे अमेरिकनांना १९६० च्या दशकातच माहीत होते. तिथल्या मानकात हवेच्या तापमानानुसार ०.७ ते १.२ असे वेगवेगळे प्रमाण होते, गरम भागाला कमी. २०१५ मध्ये सगळीकडे ०.७ केले. जागतिक आरोग्य संघटनाही म्हणते की १.५ चा आकडा जसाच्या तसा उचलू नका, लोक किती पाणी पितात ते पाहा. विदर्भाचा उन्हाळा ४५ अंशांचा, पण मानक सगळ्या देशाला एकच.

जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षे गेले की आधी दात, मग सांधे. गुडघे, कंबर, मान धरते. माणूस मांडी घालून बसू शकत नाही, मान वळवायची तर सगळे अंग वळवतो. गावात त्याला वात म्हणतात, वयाचा परिणाम म्हणतात, आणि दुखण्याच्या गोळ्यांवर वर्षे निघतात. दातांचे डाग पडतात ते दात हिरडीच्या आत तयार होत असताना, साधारण आठ वर्षे वयापर्यंत. नंतर पाणी बदलले तरी ते डाग जात नाहीत. त्यामुळे अंगणवाडीतल्या लेकराचे पाणी आज बदलले तर उपयोग, दहावीत गेल्यावर नाही.

काढायचे तंत्र आहे, टिकत नाही

फ्लोराइड काढणे अशक्य नाही. नागपूरच्याच नीरी संस्थेने ते तंत्र शोधले. आंध्रच्या, आता तेलंगणातल्या, नालगोंडा जिल्ह्यात वापरले म्हणून त्याला नालगोंडा तंत्र म्हणतात. तुरटी आणि चुना ठरलेल्या मापात टाकायचा, ढवळायचे, साका बसू द्यायचा आणि वरचे पाणी घ्यायचे. स्वस्त आहे, विजेवाचून चालते. पण रोज माप घेऊन करणारा माणूस लागतो आणि खालचा गाळ कुठे टाकायचा हेही पाहावे लागते. नुसती तुरटी फिरवून फ्लोराइड जात नाही. पाणी उकळूनही जात नाही, उलट आटल्याने थोडे वाढतेच. कँडलच्या फिल्टरने जात नाही. टीसीएलने तर प्रश्नच नाही. त्याला रंग, वास, चव यातले काहीच नाही. खारट पाणी वाईट आणि गोड पाणी चांगले हा गावचा अंदाज इथे पूर्ण फसतो.

गेल्या काही वर्षांत फ्लोराइड काढायची संयंत्रे हातपंपांना जोडली गेली, आरओ बसले. बसतात तेव्हा फीत कापली जाते. गाळणी माध्यम बदलायची वेळ येते तेव्हा ठेकेदाराचा करार संपलेला असतो, ग्रामपंचायतीकडे पाणीपट्टीची वसुली नसते, आणि माध्यम संपले तरी पाणी येतच राहते. हे सगळ्यात घातक. बंद पडलेले मशीन निदान दिसते, निकामी झालेले दिसत नाही. लोक विश्वासाने तेच पाणी भरतात.

आरओची आणखी एक तऱ्हा. पाच-दहा रुपयांत वीस लिटरचा डबा मिळतो. पण शेतावर जाणारा तो डबा बैलगाडीत घालून नेत नाही. घरी पाहुण्याला आरओचे, शेतात बोअरचे. दिवसाचे जास्त पाणी शेतातच पोटात जाते. पोडावरच्या मजुराला तर डब्याचे रोजचे पाच रुपयेही नको असतात. केंद्र सरकारचा फ्लोरोसिस प्रतिबंधाचा कार्यक्रम २००८-०९ पासून आहे. जलजीवनमध्ये दूषित स्रोताच्या गावांना अग्रक्रम आहे. कागदावर काही कमी नाही. खरा उपाय म्हणजे दुरून धरणाचे पाणी आणणारी योजना, नाहीतर गावातल्या उथळ विहिरीचे पुनर्भरण. बहुतेक ठिकाणी खोल बोअरपेक्षा उघड्या विहिरीत फ्लोराइड कमी असते. पण बोअर एका दिवसात होतो आणि विहिरीला उन्हाळा लागतो.

मीठ, तांदूळ, गोळ्या

सर्वांना सरसकट औषध देण्याचा प्रकार आपल्याकडे नाही असे मात्र नाही. तो पाण्यातून नाही, ताटातून येतो.

आयोडीनचे मीठ घ्या. गलगंड होऊ नये म्हणून देशात १९६२ पासून कार्यक्रम आहे आणि १७ मे २००६ पासून साधे मीठ खाण्यासाठी विकायला बंदी आली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ज्या नियमाखाली ही बंदी होती तो नियम त्या कायद्यात बसत नाही म्हणून रद्द केला, पण लगेच बंदी उठू दिली नाही, सरकारला दुसरी सोय करायला मुदत दिली. ग्लासगोच्या आजीसारखाच प्रकार. चांगले आहे हे मान्य, पण अधिकार कुठून आणला ते दाखवा.

रेशनचा तांदूळ तर ताजाच विषय. शंभर किलो तांदळात एक किलो या प्रमाणात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेले दाणे मिसळले जाऊ लागले. दाणे पाण्यावर तरंगले की गावोगावी प्लास्टिकचा तांदूळ म्हणून ओरड झाली, बायकांनी ते वेचून फेकून दिले. प्लास्टिकची अफवा खोटी होती. पण तिच्या आड खरा प्रश्न झाकला गेला. सिकलसेलच्या रुग्णांनी लोह घातलेले अन्न खाऊ नये, थॅलेसेमियाच्या रुग्णांनी डॉक्टरला विचारून खावे, अशी सूचना पाकिटावर छापण्याचा नियमच होता, आणि विदर्भातल्या आदिवासी आणि इतर काही समाजांत सिकलसेल आहे. रेशनच्या दुकानात तांदूळ पोत्यातून पिशवीत पडतो, तिथे कोण काय वाचणार? पुढे तज्ज्ञ समितीच्या सल्ल्यावरून २०२४ मध्ये ती सूचना काढण्यात आली, एवढ्या लोहाने अपाय होत नाही म्हणून. ते खरेही असेल. पण ज्याच्या घरात सिकलसेलचे पोर आहे त्याला ना आधी कोणी सूचना सांगितली, ना ती काढल्याचे कारण सांगितले.

याच्या उलट हत्तीरोगाच्या गोळ्या. विदर्भातल्या हत्तीरोगाच्या भागात आरोग्य कर्मचारी आणि आशाताई घरी येतात आणि समोर गोळी गिळायला लावतात. पण त्याआधी विचारतात. दोन वर्षांखालचे मूल, गरोदर बाई, गंभीर आजारी यांना ती देत नाहीत. हेच औषध मिठात मिसळून द्यायचा प्रयोग पुदुच्चेरीतल्या कराईकल भागात १९८० च्या दशकात झाला होता आणि त्याने रोग कमीही झाला. तरी दारात उभी राहून ‘पोटात बाळ आहे का बाई’ असे विचारणारी आशाताई मिठाच्या पुडीत मावत नाही. ज्यांना ती नको वाटते ते गोळी खिशात टाकतात आणि मग फेकतात, हेही खरे. नाही म्हणायची सोय ठेवली की काही लोक चुकीच्या वेळी नाही म्हणणारच.

मन शांत करणारे पाणी?

शास्त्रज्ञांत आणखी एक चर्चा अधूनमधून निघते. लिथियम. मानसिक आजारावरचे हे जुने औषध काही ठिकाणच्या भूजलात नैसर्गिकपणे किंचित असते. टेक्सासमधल्या २७ काउंटींच्या पाण्याचा अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे लिथियम जास्त तिथे आत्महत्या कमी, असे त्यात दिसले. जपानमध्येही २००९ मध्ये तसेच काहीसे आढळले. त्यावरून, मग पाण्यात लिथियमच का टाकू नये, असा प्रश्न तिकडे गंभीरपणे विचारला गेला आहे.

यवतमाळ जिल्ह्यात हे वाचताना माणूस थबकतो. एक तर दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एकीने दुसरी घडवली असे होत नाही. अमेरिकेत माजी सैनिकांना लिथियमच्या गोळ्या देऊन केलेल्या मोठ्या चाचणीत आत्महत्येचे प्रयत्न कमी झाले नाहीत, ती चाचणी मध्येच थांबवली गेली. दुसरे, लिथियमच्या गोळ्या घेणाऱ्याचे रक्त वेळोवेळी तपासावे लागते, आणि घाम जाऊन अंगातले पाणी कमी झाले की त्याचे रक्तातले प्रमाण वाढते. पाण्यातले प्रमाण त्याच्या तुलनेत अगदी नगण्य असते हे खरे, पण उन्हात राबणाऱ्याचा हिशेब इथेही कोणी मांडलेला नाही. आणि तिसरे म्हणजे, सावकाराचा तगादा, बोंडअळी आणि भाव पडलेला कापूस यांच्यावर टाकीत चमचा टाकायचा विचार ज्याला सुचेल त्याने आधी एक हंगाम इकडे काढून पाहावा. मनाचा आजार खरा असतो, त्याला डॉक्टर आणि गोळ्या लागतात, जिल्हा रुग्णालयात त्याची सोय आहे आणि ती वापरायला लाज नको. पण ते औषध नाव विचारून दिले जाते.

तोवर टाकीवर

आपल्या पट्ट्यात सध्या दोन गोष्टी एकाच वेळी चालू ठेवाव्या लागणार आहेत आणि त्या एकमेकींत मिसळू द्यायच्या नाहीत. टीसीएल रोज पडला पाहिजे. ओटीच्या थेंबांनी नळाचे पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे, पांढरेच राहिले तर नाही. ही तपासणी शाळेतली पोरेही करू शकतात. टाकीजवळच्या नळाला नाही, शेवटच्या घरच्या नळाला करायची.

फ्लोराइडचे रसायन वेगळे, त्याची तपासणी वेगळी. जलजीवनच्या किटमध्ये त्याची बाटली आहे, गावातल्या पाच महिलांना ते किट वापरायचे शिकवायचे ठरले आहे. शंका आली तर नमुना भूजल सर्वेक्षणच्या किंवा जिल्हा परिषदेच्या प्रयोगशाळेत जातो. अहवाल ग्रामपंचायतीकडे येतो आणि बहुतेक वेळा फाइलमध्येच राहतो. त्यावर गावातल्या प्रत्येक बोअरचा, हातपंपाचा वेगळा आकडा असतो. उन्हाळ्यातला आणि पावसाळ्यानंतरचा आकडाही वेगळा येतो. ग्रामसभेत तो कागद मागता येतो. किती आले, १ च्या वर की १.५ च्या वर, आणि शेतातल्या ज्या बोअरचे पाणी आपण दिवसभर पितो तो या यादीत आहे का, हे विचारायला डॉक्टर लागत नाही. शेतातला खासगी बोअर सहसा यादीत नसतो. त्याचा नमुना स्वतःच बाटलीत भरून न्यावा लागतो.